उभे राहिलेले सभागृह

सभागृहात कोणीतरी भुंकले. आवाज मागच्या बाकांवरून आला आणि तो इतका हुबेहूब होता, की मसुद्याचा कागद हातात धरून उभ्या असलेल्या रूपाली शिंगेची पोटरी क्षणभर आपोआप आखडली. मग हशा पिकला. हसणाऱ्यांच्या उघड्या तोंडांत अर्धवट चावलेली कांदाभजी दिसत होती. सभेपूर्वी वाटलेल्या भज्यांचा, तेल पिऊन पारदर्शक झालेल्या वर्तमानपत्रांचा, हिरव्या चटणीचा आणि पंख्याखाली साचलेल्या घामाचा मिळून एक दाट वास तिथे तयार झाला होता. तो त्या हशाबरोबर वर उचलला गेला आणि तिच्या नाकाशी येऊन थांबला. कोण भुंकले हे तिला समजले नाही, आणि समजून घ्यावेसेही वाटले नाही. एक माणूस भुंकला होता आणि बाकीच्या सर्वांनी त्याला हसून आपल्यात लपवून घेतले होते, एवढे पुरेसे होते. तिने वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. हिरेमाळ नगरपालिकेच्या हद्दीत हिंस्र जातीचे कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येक मालकाने परवाना घ्यावा, कुत्र्यास रस्त्यावर आणताना साखळी लावावी, तोंडास मुसके बांधावे, आणि चाव्यामुळे झालेल्या इजेचा सर्व खर्च मालकाने सोसावा.

“मुसकं बैलाला बांधत्यात, मॅडम,” पिराजी बसल्या जागेवरूनच म्हणाला. तो सभागृहातला विनोदी सदस्य होता आणि ही जबाबदारी त्याने पाचही वर्षे निष्ठेने पाळली होती. “कुत्र्यानं कुणाच्या शाळूत तोंड घातलं?”

“शाळूत नाही, माणसात घातले,” रूपाली म्हणाली. वर्गात मुलाचे चुकलेले उत्तर दुरुस्त करावे तशा स्वरात ती बोलली, आणि तो स्वर आपल्या तोंडून निघताच इथे तो किती निरुपयोगी आहे हे तिला जाणवले.

हिरेमाळ हे कोल्हापूरला चिकटून वाढलेले गाव. राजारामपुरीतून निघालेली सिटी बस जिथे वळसा घालून परत फिरते, तिथे त्याची वेस. शहराने गिळू नये म्हणून गावाने हट्टाने स्वतःची नगरपालिका सांभाळली होती, पण शहरातला पैसा मात्र माळावर येऊन बसला होता; त्याच्याबरोबर बंगले आले, बंगल्यांना भिंती आल्या आणि भिंतींच्या आत मोठ्या छातीची, कान कापलेली कुत्री आली. त्यांतला सर्वांत मोठा कुत्रा नृसिंहरावांचा. बांधकामाच्या धंद्यातून वर आलेले, तालमीच्या पोरांत वजन असलेले नृसिंहराव याच सभागृहात पहिल्या बाकावर बसत. सीझर हे त्यांच्या कुत्र्याचे नाव. पहाटे पाय मोकळे करण्यासाठी त्याला बंगल्यामागच्या गल्लीत सोडले जाई. त्याच गल्लीतून विहारामागच्या वस्तीतल्या बायका बंगल्यांत धुण्याभांड्याला जात. बनाबाई अशीच जात होती. तिची डावी पोटरी त्या कुत्र्याने नुसती चावली नव्हती. ती धरून हलवली होती. आता ती कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात पडून होती, जखम चिघळली होती, आणि तिची मुलगी आक्काताई, आईच्या जागी तीच घरे धरून, तीच गल्ली रोज पहाटे ओलांडत होती. “साखळी बांधल्याशिवाय मी हे सभागृह सोडणार नाही,” असे रूपाली दवाखान्याच्या व्हरांड्यात आक्काताईला म्हणाली होती. बोलताना ते वाक्य तिला फार खरे वाटले होते. उद्या निवडणुकीची आचारसंहिता लागणार होती. ही शेवटची सभा. आज हा उपविधी, म्हणजे कुत्र्यांविषयीचा पालिकेचा नियम, संमत झाला नाही तर तो या सभागृहाबरोबरच मरणार होता, आणि नव्या सभागृहात त्याला पुन्हा जन्म देणारे कोणी नव्हते, कारण रूपालीच्या वॉर्डाचे आरक्षण या खेपेस उठले होते आणि खुल्या जागेवर तिला कोणी तिकीट देणार नव्हते.

“माझ्या सीझरवरनं एवढं रामायण?” नृसिंहराव उठले. त्यांचा आवाज नेहमीच मऊ असे, जाड साईसारखा. “म्हातारीचं मी बघतोय की. फळं धाडली, माणूस धाडला. मी न्हाय म्हटलं काय? खरं म्हंजे, गावात मोकाट कुत्री किती हायत, त्यांचं काय करनार ते सांगा आधी. शिंगे मॅडमच्या वस्तीतच कळप फिरतोय. त्येंचा परवाना कुनाच्या नावानं फाडायचा?”

“मोकाट कुत्र्याला मालक नाही. याला आहे.”

“आनि हिंस्र म्हंजे काय ओ?” पिराजीने संधी साधली. “दात मोजायचं काय? आमच्या घरात बी एक हाय, बांगड्या घातलेली. तिचा परवाना मिळंल काय मुख्याधिकारी सायब?”

पुन्हा हशा. मुख्याधिकारी टेबलाकडे पाहून हसले, म्हणजे हसले असे कोणाला म्हणता येऊ नये एवढेच हसले. शेजारच्या बाकावरचा एक सदस्य काडीने दात कोरत होता. कोरून निघालेले तो निरखून पाही आणि मग पुन्हा तोंडात घेई. रूपालीला वाटले, आपल्या तोंडातही काहीतरी दुसऱ्याचे उष्टे आले आहे आणि ते थुंकायला इथे जागा नाही. ही किळस नवी नव्हती. ती पेठ वडगावातल्या एका दगडी पायरीइतकी जुनी होती. वडील तिथे पोस्टमन होते. शाळेला सुट्टी असली की ते तिला सायकलच्या दांडीवर बसवून फिरतीला नेत. एका मोठ्या घराच्या दारात एक काळा कुत्रा बांधलेला असे. त्याची साखळी अशी बेताने बांधली होती, की त्याने झेप घेतली तर त्याचे तोंड वडिलांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबे. तेवढी साखळी त्या घराने मुद्दाम राखली होती. पत्र घ्यायला मालक लगेच येत नसत, ते आतून पाहत, कुत्र्याची झेप होऊ देत, आणि मग म्हणत, “घाबरलास व्हय रं? काय करत न्हाय त्यो.” आणि वडील हसत. रजिस्टर पुढे धरून, घामाने खाकी काळी पडलेली असताना, वडील हसत. कुत्र्याच्या लाळेचे थेंब त्यांच्या पायघोळ विजारीवर उडालेले तिला दिसत. पण तिला शिसारी आली होती ती त्या लाळेची नव्हे, त्या हसण्याची. घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, वडील रोज तिला ताजे फूल वाहत, आणि त्याच चेहऱ्याने तिथे हसत. पुढे ती विज्ञान शिकली, विज्ञान शिकवू लागली, जयसिंगपूरच्या शाळेत प्रयोगशाळा उभी केली, लग्न होऊन हिरेमाळला आली आणि नगरसेविका झाली. पण कोणत्याही खोलीत लोक एकत्र हसू लागले की ती नकळत आपल्या ओठांना हात लावून पाही. ते हसत तर नाहीत ना?

ओठ आता हसत नव्हते. ती बोलू लागली. तिने जखमेचे वर्णन केले नाही; करायचे नाही असे तिने घरीच ठरवले होते. परंतु बोलता बोलता तिला तो वास आठवला. दवाखान्याच्या वॉर्डात, औषधांच्या आणि फरशी पुसण्याच्या द्रवाच्या वासाखालून येणारा एक गोडसर वास. सडू लागलेल्या पेरूसारखा. नर्सने पट्टी सोडली तेव्हा बनाबाईने स्वतःच्या पायाकडे पाहिले नव्हते. तिने रूपालीकडे पाहिले होते आणि पदर नाकाशी धरून, जणू पाहुण्यांसमोर घरात काही खराब झाले असावे अशा शरमेने म्हणाली होती, “बाई, तुमी जावा. वास येतोय.” रूपाली गेली नव्हती, पण तिला ओकारी येऊ लागली होती आणि ती बनाबाईला दिसली होती. हे सर्व सभागृहात सांगण्यासारखे नव्हते. तिने फक्त म्हटले, “तिला आपल्याच पायाची लाज वाटते आहे. लाज कोणाला वाटायला हवी, ते आपण ठरवू या.”

“पायाचं कुत्र्यानं झालंय कशावरनं?” मागून कोणीतरी म्हणाले. “म्हातारीला साखर हाय. साखरंनं पाय जातोयच की.”

तेवढ्यात बयाबाई उठली. ती भाजीमंडईतून निवडून आलेली, नृसिंहरावांच्याच पॅनेलची. पाच वर्षांत तिने तोंड उघडले नव्हते, हात मात्र नृसिंहरावांच्या हाताबरोबर वर केला होता. “मी बोलू काय, माई?” तिने अध्यक्षांना विचारले. नगराध्यक्षांना सगळे गाव माईच म्हणे. माईंनी मान हलवली. “माझी नात त्या गल्लीतनं शाळंला जातिया. मी संगं जाते, हातात काठी घिऊन. नृसिंहराव, तुमी मला तिकीट दिलासा, तुमचं उपकार हायत. खरं मी आज हात वर करनार. काय करायचं ते करा.” आणि ती बसली.

सभागृह गप्प झाले. ही शांतता आतापर्यंतच्या आवाजापेक्षा वेगळी होती. तीत लोक एकमेकांकडे न पाहता विचार करत होते. दोन बायकांनी पदर सावरले आणि माना वर केल्या. चेहऱ्यांवरून मतांचा अंदाज बांधायला रूपाली एव्हाना शिकली होती, आणि तिला स्पष्ट दिसले की ठराव होणार आहे. काठावर का होईना, होणार आहे. नृसिंहराव खाली पाहून बोटातली अंगठी फिरवत होते. माई म्हणाल्या, “मग मतालाच घालू या का?” आणि त्याच वेळी शिपाई गुंडू बाकांमधून वाकत वाकत रूपालीपर्यंत आला आणि तिच्या कानाशी म्हणाला, “मॅडम, दवाखान्यातनं फोन हुता. बनाबाई गेल्या.”

त्या क्षणी आपल्या मनात नेमके काय झाले, हे ती नंतर पुन्हा पुन्हा आठवून पाहणार होती. दुःख झाले, हे खरे होते. पण दुःखाच्या अंगाला लागूनच दुसरे काहीतरी उभे राहिले होते: यांना उभे करावे. ज्यांनी भुंकून दाखवले, ज्यांनी साखरेचा दाखला दिला, त्या सर्वांना त्या बाईसाठी माना खाली घालून उभे करावे. राज्यातला कोणी पुढारी वारला, कोणा माजी अध्यक्षाचे वडील वारले, की हे सभागृह उभे राही. तिने अनेकदा असे उभे राहून अनोळखी मोठ्या माणसांना श्रद्धांजली वाहिली होती. भांडी घासणाऱ्या बाईसाठी ते कधी उभे राहिले नव्हते. आज राहील. आणि उभे राहून खाली बसल्यावर, त्या शांततेतून बाहेर येताना, विरोधात हात वर करायची कोणाची छाती होणार नाही, असाही एक हिशेब त्यात होता. तो फार बारीक होता, पण होता. मृत्यूच्या पहिल्या मिनिटातच तिने त्याचा उपयोग शोधला होता.

“माई,” ती उठून म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो तिने कापू दिला. “ज्यांच्यासाठी आपण इथे बोलत होतो, त्या बनाबाईंचे आत्ताच निधन झाले. आपल्या गावाच्या या कष्टकरी भगिनीला सभागृहाने श्रद्धांजली वाहावी, असा दुखवट्याचा ठराव मी मांडते.”

“माझं अनुमोदन,” नृसिंहराव म्हणाले. ते उठलेही होते. इतक्या तत्परतेने, की बाक मागे सरकल्याचा आवाज त्यांच्या शब्दांआधी आला.

सभागृह उभे राहिले. रूपालीने मान खाली घातली. तिला बाकाखालची जमीन दिसली: चुरगळलेले कागद, मिरचीचे देठ, पानाची एक वाळलेली पिंक, आणि पुढच्या बाकाखाली नृसिंहरावांच्या करकरीत चपला. त्यांच्या पांढऱ्या विजारीच्या काठावर आखूड काळे केस चिकटले होते. सकाळी निघताना त्यांनी त्या जनावराला कुरवाळले असेल. त्याने अंग घासले असेल. त्यात काही पाप नव्हते. कुत्र्यावर तिचा राग नव्हता. खरे तर तिने त्या कुत्र्याला एकदाच पाहिले होते, फाटकाच्या गजांतून, ऊन खात पडलेले, आणि त्याच्या डोळ्यांत तिला कसलाच दुष्टावा दिसला नव्हता. कोणीतरी ढेकर दाबली. पंखा फिरत होता. मनाशी ती बनाबाईचे नाव घेऊ पाहत होती, परंतु तिच्या डोळ्यांसमोर त्या केसांखेरीज काही येईना.

“दुखवट्याचा ठराव एकमतानं संमत,” माई म्हणाल्या. पदराने त्यांनी डोळे टिपले. ते खरोखरच ओले होते. “आनि आपल्या सभागृहाच्या रिवाजापरमानं, गेलेल्या जीवाच्या मानासाठी आजची सभा तहकूब.”

बाके सरकू लागली. रूपाली अजून उभीच होती. “माई,” ती म्हणाली, “विषय राहिला आहे. मतदान...”

“आता कसं, ताई?” माईंना खरेच आश्चर्य वाटले. “श्रद्धांजली वाहून उभं ऱ्हायलेलं सभागृह त्या दिवशी परत कामाला बसत न्हाय. तुमालाच म्हाईत हाय की. मागं मंत्री गेलते तवा न्हाय का, पाण्याचा इषय बी तसाच सोडला.”

“पण हा विषय तिचाच आहे!”

“म्हणून तर,” नृसिंहराव वळून म्हणाले. साय अजून जाडच होती. “तिच्या मैताच्या दिवशी तिच्याच नावानं हात वर-खाली करत बसायचं? शोभतंय काय, मॅडम? मंत्र्याला जो मान, त्योच मान आज म्हातारीला. तुमीच तर मागितला.”

रूपालीने मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बयाबाई दाराशी थांबून एकदा वळली. काहीतरी हातून सांडले आहे आणि कोणाच्या ते कळत नाही, असा तिचा चेहरा होता. मग तीही गेली. हा रिवाज रूपालीला ठाऊक नव्हता असे नाही. कोणा मोठ्या माणसाच्या निधनामुळे लवकर सुटलेल्या सभेतून तीही चार वाजताच घरी गेली होती, आणि एकदा तर तिला बरेही वाटले होते. रिवाज ठाऊक होता. तो बनाबाईला लागू होईल असे मात्र तिला वाटले नव्हते. या सभागृहाच्या रिवाजांत बनाबाई बसते, हे तिने मनातून कधी धरलेच नव्हते. भाषणात समतेवर एवढे बोलणाऱ्या तिने त्या बाईसाठी जो मान मागितला, तो कमी दर्जाचा, कामात खंड न पाडणारा, अशाच बायकांसाठी असतो तसला मान आहे, असे गृहीत धरूनच मागितला होता. आणि नृसिंहरावांनी मात्र पूर्ण मान दिला. मसुद्याचा कागद हातात घेऊन ती दाराकडे निघाली. बाहेर व्हरांड्यात उरलेली भजी गुंडाळून घेत लोक उभे होते. “चांगलं केलासा मॅडम,” पिराजी हलक्या आवाजात म्हणाला, आणि सर्वांत वाईट हे, की तो या वेळी विनोद करत नव्हता.

दिवेलागणीच्या आधी बनाबाईला घरी आणले. विहारामागच्या बोळात बायका दाटीने बसल्या होत्या. एका कोपऱ्यात कोणी हलक्या आवाजात त्रिशरण म्हणत होते. पाय पांढऱ्या कापडात घट्ट गुंडाळला होता, तरीही त्या अरुंद खोलीत तो गोडसर वास होताच, आणि रूपाली आज नाक न धरता त्यात बसून राहिली, जणू तेवढे तरी आपल्याला देता येईल. थोड्या वेळाने बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली. नृसिंहराव पांढऱ्या कपड्यांत आले, नगरपालिकेच्या वतीने आणलेले निशिगंधाचे पुष्पचक्र त्यांनी प्रेताच्या पायाशी ठेवले, डोळे मिटून उभे राहिले, आक्काताईला “काय लागलं तर सांगा” म्हणाले आणि गेले. वस्तीतल्या माणसांनी त्यांना आदराने वाट करून दिली.

मग आक्काताई रूपालीजवळ सरकली. रडून तिचा चेहरा सुजला होता, परंतु त्यावर एक विलक्षण उजेड होता. “बाई, खरं काय? आईसाठनं सगळी पालिका हुबी ऱ्हायली म्हणं? मंत्र्याला ऱ्हात्यात तशी? गुंडू सांगत हुता. सभाच बंद केली म्हणं.”

“हो.”

“माज्या आईसाठनं!” आक्काताई प्रेताकडे पाहत म्हणाली. “तिला कळाय पायजे हुतं ओ.” मग पदराने नाक पुसून, कामाचे विचारावे तसे तिने विचारले, “आनि कुत्र्याचं? झालं न्हवं? बांधत्यात न्हवं आता?”

रूपालीला एक सोपे उत्तर दिसत होते. होईल, पुढच्या सभेत होईल. ते उत्तर तिच्या ओठांपर्यंत आले आणि त्याबरोबर ओठ किंचित ताणले गेले, सांत्वन करणाऱ्याचे असतात तसे. तिने ते आवळून धरले.

“नाही,” ती म्हणाली. “मत घ्यायचेच राहिले. सभागृह उभे राहिले म्हणून सभा बंद झाली. सभा बंद झाली म्हणून ठराव गेला. उद्यापासून निवडणूक आहे. आता तो होणार नाही. उभे राहा असे मीच सांगितले होते.”

आक्काताईला हे समजायला वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम गेला नाही. थोडा थोडा करून गेला, आणि तो जाताना पाहणे रूपालीला टाळता आले नाही.

“म्हंजे आईला मान दिला, आनि कुत्रं मोकळं ऱ्हायलं.”

“हो.”

“मग कशाला हुबं केलासा त्यास्नी?”

आवाजात राग नव्हता. ती खरोखर विचारत होती, आणि उत्तराची वाट पाहत होती. रूपालीकडे ‘मान’ हा एक शब्द होता, पण तो दिवसभरात इतक्या तोंडांतून फिरून आला होता, की तिला तो जिभेवर घेता येईना.

आक्काताई उठली. प्रेताच्या पायाशी ठेवलेले पुष्पचक्र तिने दोन्ही हातांनी उचलले, त्याच्यावर शिंपडलेले पाणी झटकले आणि ते रूपालीच्या मांडीवर ठेवले. “ह्ये घिऊन जावा, बाई,” ती म्हणाली. “मला परवा त्याच गल्लीतनं कामाला जायाचं हाय.”

तिरडी उचलली गेली, तेव्हा खांदेकऱ्यांना वाट करून देण्यासाठी सगळ्या बायका उठून भिंतींना सरकल्या. रूपालीही सरकली. चक्रामागची तार तिच्या तळव्यात रुतत होती, आणि एवढ्या गर्दीत ते ठेवावे अशी जागा कुठेच नव्हती. बायका एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. फक्त तिच्याभोवती हातभर जागा मोकळी राहिली होती, आणि त्या जागेत तिच्या कोपरावरून निशिगंधाचे पाणी थेंबाथेंबाने गळत होते.